वाकडं किनाऱ्यावर आणायचं नाही

फेरीबोटीत सुनंदाताईंचा पाय माझ्या मांडीवर होता आणि तो गार लागत होता. समुद्रातून आल्यात म्हणून गार असेल, असं मी स्वतःला समजावलं आणि त्यावर टॉवेल ओढला. त्याआधी थोडाच वेळ, पाण्यात, त्यांचा निखळलेला गुडघा मी माझ्या हातांनी ओढून जागेवर बसवला होता. बोरिवलीच्या डॉक्टरांनी विचारलं, "गुडघा वाकडा झाला होता का?" मी म्हणालो, "नाही. सरळच होता." पुढे तो पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला.

हे मी बायकोला सांगितलं नव्हतं. ज्याच्यासोबत रोज बोटीवर असतो त्या चुलतभावालाही नाही. यंदाच्या उन्हाळ्यापर्यंत कुणालाच नाही. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे बोटीवरचे गमतीचे अनुभव मागितले होते. गमती आहेत, त्याही लिहितो. पण ही गोष्ट बाजूला सारून बाकीचं लिहायला बसलो की पेन पुढे जाईना. सुनंदाताईंना विचारून लिहितोय. नावं बदलली आहेत. किनाऱ्याचं नाव देत नाही; बोरिवली-कांदिवलीकडच्या माणसाला ते सांगावं लागणार नाही.

माझं काम बनाना ओढायचं. बनाना म्हणजे केळ्यासारखी लांब पिवळी रबरी ट्यूब. तिच्यावर पाच-सहा माणसं घोड्यावर बसल्यासारखी एकामागे एक बसतात. दोन्ही बाजूंना दोन बारीक ट्यूबा असतात, त्यांवर पाय टेकवायचे. पुढे माझी स्पीडबोट, मधे दोर. बोटीत मी पुढे बघतो आणि चुलतभाऊ किसन मागे बघतो. मी त्याच्या "हां" वर जातो आणि "थांब" वर थांबतो. एरवी आमचं फारसं बोलणं होत नाही, इंजिनाच्या आवाजात होऊच शकत नाही.

आमचं घर कोळ्याचं. वडील मासेमारी करायचे. मी बनानावर लागलो तेव्हा आई शेजारणींना सांगायची, "बापूस मासली पान्याभायेर काढी, पोर मान्सा पान्यान टाकतं." ती हसून सांगायची, पण तिला ते आवडायचं नाही.

टाकतं, हे खरंच. लोक पैसे फेरीचे देतात, पण येतात पलटीसाठी. नुसतं फिरवून आणलं तर तोंड वाकडं करतात. विलेपार्ल्याहून एक आजोबा आले होते, निवृत्त मास्तर, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून. मी म्हटलं, "आजोबा, तुम्ही बोटीत माझ्याशेजारी बसा." ते म्हणाले, "शेजारी बसायला घरी बायको आहे." त्यांच्यासाठी मी सबंध फेरी हळू नेली, न पाडता परत आणलं. उतरल्यावर त्यांनी किसनला बाजूला घेऊन तक्रार केली, "तुझ्या भावाने मला म्हातारा समजून बोट बैलगाडीसारखी हाकली."

पलटी मारायला फारसं कौशल्य लागत नाही. वेगात सरळ जायचं, मग एका बाजूला वळायचं, क्षणभर इंजिन सोडायचं म्हणजे दोर ढिला पडतो, आणि लगेच ओढ द्यायची. ट्यूब कूस बदलते, माणसं पाण्यात. ओरडतात, हसतात, नाकातोंडात खारं पाणी गेलं की शिव्या देतात आणि वर आल्यावर म्हणतात, "परत." पाणी डोक्यावर हवं, एवढं सांभाळायचं. आणि बसवतानाच सांगायचं, की पलटी झाली की हात-पाय सगळं सोडून द्या. कारण घोळ तिथेच होतो. माणूस घाबरला की घट्ट धरतो. अंग पाण्याबरोबर एकीकडे जातं, हात ट्यूबवरच्या मुठीला अडकलेला, म्हणून खांदा निघतो. पाऊल दोन ट्यूबांच्या फटीत रुतलेलं असलं तर तोच पीळ गुडघ्यावर येतो. गुडघा पुढेमागे वाकायला केलेला सांधा आहे, त्याला पीळ सोसत नाही.

खांदे मात्र आम्हाला सवयीचे. माझे काका मासेमारीच्या बोटीवर खांदे बसवायचे. जाळं ओढताना कुणाचा हात निघाला की बंदर गाठेपर्यंत दिवस जायचा, तेव्हा तिथेच बसवणं भाग होतं. काका म्हणायचे, पाण्यात माणूस हलका होतो, अंग सैल सोडतो, सांधा तिथेच बसवावा. मी त्यांच्याकडून शिकलो. बनानावर माझं नाव झालं ते त्यामुळेच. मुलुंडच्या एका बँकेच्या मॅनेजरांचा खांदा मी मानेएवढ्या पाण्यात असा बसवला, की वर आल्यावर त्यांच्या बायकोला पत्ता नव्हता. ते पुढच्या वर्षी पेढे घेऊन आले. मी ते पेढे मिरवत सगळ्या किनाऱ्यावर वाटले. गर्व होता मला. उगाच नाही म्हणणार नाही.

त्यातून आमच्यात एक रीत पडली. कुणी लिहिली नव्हती, पण सगळे बोटवाले पाळायचे. वाकडं काही किनाऱ्यावर आणायचं नाही. निघालेला हात लोंबत किनाऱ्यावर आला की रांगेतली माणसं बघतात, पोरं रडतात, आया म्हणतात, नको रे बाबा, चला भेळ खाऊ. त्या दिवसाचा धंदा बसला. म्हणून जे वाकडं असेल ते पाण्यातच सरळ करायचं आणि मग, "काही नाही, जरा मुका मार लागलाय, बर्फ लावा." बोटींचे मालक, आमचे शेठही नव्या बोटवाल्याला हेच शिकवायचे. पण शेठचं नाव मी पुढे करणार नाही. मी ती रीत नुसती पाळली नाही, मी ती चालवली. नव्यांना हात कसा धरायचा ते मीच दाखवायचो.

गुडघा मात्र मी तोवर बसवला नव्हता.

त्या दिवशी वाकोल्याहून पाच बायका आल्या होत्या. एकाच इमारतीतल्या, भिशीवाल्या. सगळ्यांत पुढे मंगल नावाच्या, आवाज लाउडस्पीकरसारखा.

"ए दादा, पाडणार ना? पाडलं नाहीस तर अर्धेच पैसे देणार."

"पाडतो ना ताई."

"सुनंदाला आधी पाड. ती आमची मास्तरीण आहे."

सुनंदाताई मास्तरीण नव्हत्या. शाळेच्या बसमध्ये अटेंडंट होत्या. मुलांना हात देऊन चढवायचं, उतरवायचं, कोण पुढे पळतंय ते बघायचं. त्या सगळ्यांत मागे बसल्या. मी जॅकेटचा पट्टा आवळत होतो तेव्हा हळूच म्हणाल्या, "भाऊ, ह्या काही म्हणोत, तुम्ही पाडू नका हं. मला पाण्याची सवय नाही."

मंगलताईंनी ऐकलंच. "सवय कशाला लागते गं? जॅकेट आहे ना. बुडलं तर जॅकेट बुडेल."

"तू गप. बसमध्ये मी एका पोराला दांडा सोडू देत नाही, आणि इथे मला उडवून घ्यायला आलेय."

सगळ्या हसल्या. मीही हसलो, आणि सुनंदाताईंना मान डोलावून "नाही पाडत" म्हणालो. ते म्हणायची सवयच होती. जो नको म्हणतो तोच वर आल्यावर सगळ्यांत जास्त हसतो, असा आमचा अनुभव. पलटी झाली की सोडून द्या, हे त्या दिवशी मी सांगितलं का? पुष्कळ आठवून पाहिलं. आठवत नाही.

पलटी झाली. चौघी लगेच वर आल्या, किसन त्यांना बोटीच्या त्या बाजूने ओढून घेऊ लागला. मंगलताई पाण्यात पडल्या पडल्याच किसनला सांगत होत्या की फोटो काढ. सुनंदाताई ट्यूबच्या या बाजूला होत्या, एकट्या. त्यांनी मूठ सोडली नव्हती. पाऊल फटीत होतं. मी उडी टाकली, पाऊल मोकळं केलं, तर पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला होता. खालचं हाड एकीकडे, मांडी एकीकडे, आणि मधे खड्डा. त्यांचे डोळे मिटलेले, जॅकेट तोंडापर्यंत चढलेलं. मी एका हाताने मांडी धरली, दुसऱ्या हाताने घोटा, आणि काका खांदा ओढायचे तसा ओढला. सरकल्याचं हाताला कळलं. त्या किंचाळल्या, आणि पाय सरळ झाला.

किसनने वरून विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. मुरगळलाय."

खरं सांगायचं तर त्या क्षणी मी मनातून खूश होतो. काकांनीही कधी गुडघा बसवला नव्हता.

कुणाला लागलं तर आमच्यातल्या एकाने डॉक्टरच्या दारापर्यंत जायचं, ही आमची दुसरी रीत. ही तरी बरी होती. मी त्यांच्याबरोबर खाडी ओलांडून बोरिवलीला गेलो. फेरीबोटीत बाकावर त्यांना आडवं केलं आणि पाय माझ्या मांडीवर घेतला. मंगलताई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आता त्यांचा आवाज नव्हता. एका पायाची बोटं नेहमीच्या रंगाची, दुसऱ्याची पांढरट. गारही. टॉवेलचं मी आधीच लिहिलंय.

नर्सिंग होममधले डॉक्टर तरुण होते. सुट्टीचा दिवस, एकटेच होते. त्यांनी गुडघा बघितला, सुजला होता पण सरळ होता. एक्स-रे काढला, त्यात हाड मोडलेलं नव्हतं. पाऊल हातात घेऊन म्हणाले, "गार वाटतंय जरा."

मंगलताई म्हणाल्या, "समुद्रातून आलोय ना डॉक्टर. आम्ही सगळ्याच गार आहोत."

मग ते माझ्याकडे वळले. "पाण्यातून तुम्ही काढलंत? गुडघा वाकडा झाला होता का?"

माझं उत्तर तुम्हाला माहीत आहे. वाकडा होता म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, कुणी सरळ केला. मग पोलीस, मग परवाना, मग शेठ, असं डोक्यात एकामागे एक आलं. पायाचा विचार त्यात नव्हता. पाय सरळ दिसत होता ना.

डॉक्टर म्हणाले, आतली दोरी तुटली असेल, लिगामेंट, सूज उतरली की बघू. बँडेज बांधलं, गोळ्या दिल्या. बायका त्यांना टॅक्सीत घालून वाकोल्याला घेऊन गेल्या. मी परत येऊन संध्याकाळच्या फेऱ्या मारल्या.

दुसऱ्या दिवशी पाऊल काळंनिळं पडलं. मोठ्या हॉस्पिटलात नेलं तोवर पाय वाचवण्यासारखा राहिला नव्हता. हे मला त्यांच्या मिस्टरांकडून कळलं. ते पुढच्या आठवड्यात किनाऱ्यावर मला शोधत आले. भांडायला नाही, साक्षीला न्यायला. "तुम्ही तिला वेळेत डॉक्टरकडे नेलंत, हे त्याच्या तोंडावर सांगा. बाकी काही नको."

मी गेलो. नाही म्हणालो असतो तर त्यांना संशय आला असता.

नर्सिंग होममध्ये त्यांचे दोन मेहुणे आधीच पोचले होते. डॉक्टर खुर्चीतून उठले होते, टेबलाच्या पलीकडे भिंतीला टेकून उभे. एका मेहुण्याने त्यांची कॉलर धरली होती. मिस्टर म्हणाले, "हा माणूस तिथे होता. विचारा ह्याला."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "मी त्या दिवशीही विचारलं होतं, परत विचारतो. गुडघा निखळला होता का? पाण्यात कुणी ओढून बसवला का? आता तरी सांगा. बाईंसाठी नाही, मला कळावं म्हणून."

"नाही डॉक्टर," मी म्हणालो. "तसं काही झालं नव्हतं."

ते खाली बसले. मेहुण्यांनी शिव्या घातल्या, कुणीतरी काच फोडली. मिस्टरांनी जाताना माझे हात हातात घेतले आणि आभार मानले. काही महिन्यांनी बोरिवलीत कुणाकडून तरी ऐकलं, की त्या डॉक्टरांनी तिथलं बस्तान हलवलं.

नंतरची वर्षं मी पलट्या मारल्या, खांदेही बसवले. गुडघ्याकडे कुणाचा हात गेला की मात्र मी ओरडायचो, हात लावू नका म्हणून. किसनला वाटायचं, वय झालं, चिडका झाला. मला वाटायचं, मी ओढला म्हणून पाय गेला. माझ्या हातांनी गेला. काकांनी शिकवलेले हात, ज्यांचे पेढे मी मिरवत वाटले.

तेही पुरतं खरं नव्हतं, हे यंदा कळलं.

यंदा सगळ्या बोटवाल्यांना प्रथमोपचाराचं शिक्षण घ्यायला लावलं. शिकवायला कांदिवलीच्या एक डॉक्टरबाई आल्या, हाडांच्या. किसनने मला पुढे ढकललं. "बाई, हा आमचा खांदेतज्ज्ञ. पाण्यात बसवतो."

"असं?" बाई म्हणाल्या. "आणि गुडघे?"

"गुडघा कुठे निघतो बाई?" किसन म्हणाला. सगळे हसले.

"निघतो," त्या म्हणाल्या. "वेगात पाण्यावर पडलात, पाय अडकला, की निघतो. कधी आपला आपण परत बसतो, कधी तुमच्यासारखा कुणीतरी बसवतो. मग तो सरळ दिसतो, एक्स-रे चांगला येतो, आणि सगळे म्हणतात मुरगळला. पण गुडघ्याच्या मागून पायाला रक्त नेणारी मोठी नळी जाते. गुडघा निखळताना ती ताणली जाते, कधी फाटते. पाऊल गार पडतं, पांढरं पडतं, घोट्यापाशी नाडी लागत नाही. तेव्हा हातात काही तासच असतात. त्यात नळी जोडली तर पाय राहतो."

बाकीचे चहाला गेले तेव्हा मी मागे थांबलो. "बाई, समजा एखाद्याने ओढून बसवला, तर त्या ओढण्याने नळी फाटते का?"

"बहुतेक निखळतानाच फाटलेली असते. बसवायचं काम आमच्यासारख्यांचं, तुम्ही करू नका. पण पाय भलत्या दिशेला ठेवण्यापेक्षा सरळ होणं कधी बरंही असतं. खरा घात पुढे होतो. बसवून गप्प बसायचं नाही. डॉक्टरला समोर सरळ गुडघा दिसतो, त्याला कसं कळणार तो निखळला होता? तिथे असलेल्या माणसाने तेवढंच सांगायचं असतं." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "समजा म्हणताय, ते कुणाचं?"

"ओळखीतलं एक."

"त्या ओळखीच्याला सांगा, तोंड उघडायचं."

मी चहाला गेलो नाही. इतकी वर्षं मी माझ्या हातांना दोष देत होतो, आणि त्यात एक सोय होती. हाताने चूक झाली म्हणजे घाईत झाली, मदत करताना झाली. जिभेने केलेलं असं नव्हतं. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं होतं, मला विचार करायला वेळ होता, आणि तेव्हा तो पाय अजून वाचण्यासारखा होता.

मिस्टरांचा नंबर फोनमध्ये होता. रविवारी वाकोल्याला गेलो. दार सुनंदाताईंनीच उघडलं, लगेच ओळखलं. मिस्टर ड्युटीवर होते. सुनंदाताईंच्या कृत्रिम पायात बूट, दुसऱ्या पायात घरातली चप्पल. बसचं चढणं-उतरणं बंद झाल्यावर त्याच बसवाल्यांच्या ऑफिसात फोन घ्यायच्या कामावर लागल्यात. "बस सिग्नलला आहे, येतेय, हे दिवसभर सांगायचं," त्या म्हणाल्या. "चहा टाकते."

"चहा नको."

"नको कशाला? विष नाही घालत."

मी चहाचा कप हातात धरून बसलो. मग सांगितलं. गुडघा, ओढणं, फेरीबोटीत गार पाय, टॉवेल, दोन वेळचं खोटं, आणि यंदा डॉक्टरबाईंनी सांगितलेलं नळीचं. पाडू नका म्हणाला होतात आणि मी हो म्हणालो होतो, तेही. सांगताना खाली बघत होतो, म्हणून त्यांचा चेहरा कसा होत गेला ते मला माहीत नाही.

खालून कुणीतरी भंगारवाला ओरडत गेला.

"म्हणजे पाय राहिला असता?"

"राहू शकला असता. नक्की कुणी सांगू शकत नाही."

"नक्की नको. तुम्हाला काय वाटतं ते सांगा."

"राहिला असता."

त्यांनी मान हलवली. "मला आजवर वाटायचं, मी मूठ सोडली नाही म्हणून झालं. सासूबाई जाईपर्यंत तेच म्हणत होत्या, कुणी सांगितलं होतं तिथे उंडारायला. मंगल अजून माझ्या समोर येत नाही. वरच्या मजल्यावर राहते. जिना बदलून जाते." मग पायाकडे बघून, "आणि त्या डॉक्टराला मी शिव्या देते. रोज रात्री हा पाय काढते ना, पट्टे सोडताना. नेमाने. देवाचं नाव घ्यावं तशा."

"आता मला द्या."

"तुम्हाला देईनच. त्याची काळजी करू नका." आवाज चढला नव्हता. "पण त्याला दिलेल्या उतरवायला पाहिजेत ना? त्याचं काही चुकलं नाही असं नाही. पाय गार लागला होता त्याच्या हाताला. पण त्याने विचारलं होतं. मला आठवतंय, मी ऐकलं होतं. तुम्ही नाही म्हणालात. त्याच्या जागी मी असते तर मीही विश्वास ठेवला असता."

मी क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "ते नंतर बघू. आधी मंगलला हाक मारते, तिच्यासमोर परत सगळं सांगा. आणि मग त्या डॉक्टराकडे जा."

मंगलताई आल्या. दारातच उभ्या राहिल्या. मी परत सांगितलं, दुसऱ्यांदा सोपं गेलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला एक शब्द न बोलता सुनंदाताईंना म्हणाल्या, "पण न्यायचा हट्ट माझाच होता गं."

"तो तर होताच," सुनंदाताई म्हणाल्या. "बस आता."

त्या दोघी बसल्या, मी निघालो. कुणी मला थांब म्हणालं नाही, आणि ते बरोबरच होतं.

किनाऱ्यावर आता मी वाकडं असेल ते वाकडंच आणतो. गेल्या महिन्यात एका पोरीचा खांदा निघाला, हात तसाच फळीला बांधून आणला. रांग मोडली, किसन दिवसभर माझ्याशी बोलला नाही. त्याला सगळं सांगितलंय. तो म्हणतो, "पण खांदा तर तुला येतो ना रे." येतो. पण सगळ्यांना दिसलं पाहिजे, काय झालं ते.

डॉक्टर मुलुंडला आहेत. शोधायला फार दिवस लागले नाहीत, मीच इतकी वर्षं शोधत नव्हतो. आता त्यांचे केस पिकलेत. गेलो होतो. पेशंटांच्या बाकावर बसलो. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "नंबर लावायचाय? कुठे दुखतंय?" मी म्हणालो, "कुठे नाही." आणि उठून आलो.

सुनंदाताईंचा फोन येतो. "गेलात?"

"जाऊन आलो."

"बोललात?"

"नाही."

"मग गेला नाहीत." आणि ठेवतात.

त्यांची माफी मी मागितली आहे, ती द्यायची की नाही हे त्यांनी ठरवायचं. त्यांचा पाय मी परत देऊ शकत नाही. पण डॉक्टरांचं देणं मला देता येण्यासारखं आहे, म्हणून ते जास्त बोचतं. हा अंक त्यांच्या हातात पडेल आणि ते आपसूक वाचतील, अशी आडवाट मला नको. त्यांच्यासमोर उभं राहून, त्यांनी विचारलेल्या प्रश्नाला मला "हो" म्हणायचं आहे. ते मी अजून म्हटलेलं नाही.